झूममध्ये सगळंच मोठं दिसतं

आमच्या ह्यांनी कॅमेरा घेतला तो गुडघे गेल्यावर. माणसं गुडघे गेले की डॉक्टरकडे जातात, तेल चोळतात, पट्टा बांधतात. हे कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. का, तर म्हणे, "आता आपल्याला लांबच्या गोष्टींपर्यंत जाता येत नाही, तर त्यांना आपल्याकडे आणायचं." मी म्हटलं, मग आधी तो पाण्याचा जार आणा खालून चौथ्या मजल्यावर. त्यावर नुसते हसले आणि खोक्यातून ते यंत्र बाहेर काढत बसले.

छोटासा होता, शर्टाच्या खिशात मावेल एवढा. आवाक्यातला म्हणून घेतला, नाहीतर तोफेसारखा एखादा उचलून आणला असता आणि मग मी दोघांनाही घराबाहेर काढलं असतं. बटण दाबलं की झर्र करून भिंग पुढे यायचं. "फोनमध्ये आहे की झूम," असं मी एकदाच म्हटलं. बाई गं, केवढं व्याख्यान! फोनचा झूम म्हणजे चित्र नुसतं ताणायचं, ह्यात खरी भिंगं सरकतात, जे आहे तेच जवळ येतं, कॅमेरा पदरचं काही घालत नाही. मी कुकर लावता लावता ऐकून घेतलं. रिटायर झालेल्या नवऱ्याचं ऐकून घेणं ही पूर्ण वेळची नोकरी असते, आणि तिला रिटायरमेंट नाही.

आम्ही राहायचो आचोळ्याला, नालासोपारा पूर्वेला. बिल्डिंगचं नाव मंगलदीप, चार मजले, लिफ्ट नाही. परळच्या चाळीतून इथे आलो तेव्हा मुलगा माझ्या कडेवर होता. आता तो पुण्याला असतो, त्याचा संसार त्यालाच पुरत नाही, आमच्याकडे कुठून बघणार. तर हा फ्लॅट म्हणजे आम्ही जन्मभर नोकरी करून कमावलेली एकच गोष्ट. खाली पाटीवर 'चंद्रहास सामंत' असं नाव होतं, आणि येताजाता मी त्या पाटीवरची धूळ पदराने पुसायची.

समोरच्या दारात जितेश आणि जागृती. जितेश सोसायटीचा सेक्रेटरी. जागृती मूळची आगाशीची, वाडीवाल्या घरातली. माहेरी गेली की येताना राजेळी केळी, अळूची पानं, ओंजळभर सोनचाफा, आणि त्यातलं अर्धं थेट माझ्या ओट्यावर. मला काकी म्हणायची, वयाने मुलीसारखी, पण ह्या आचोळ्यात मला मैत्रीण म्हणून कोण होतं तर तीच. तिचीच मुलगी उन्नती, दहावीला. तिचं अभ्यासाचं टेबल आतल्या खोलीत, बरोबर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखाली.

त्या टाकीवर एक घार बसायची. ह्यांना तिचा नाद लागला. समोरच्या किराणावाल्याच्या ओट्यावर बसून वर झूम लावायचा आणि तासन् तास वाट बघायची. मग सगळे जिने चढून धापा टाकत घरी, आणि मी पाणी आणून देईपर्यंत कॅमेरा माझ्या नाकासमोर. त्या दिवशीही असंच. मी डाळ निवडत होते, न बघताच म्हटलं, "छान आलीय."

"घार नको बघूस. तिच्या खाली बघ."

खाली टाकीचा पिलर होता. गिलावा उडून आतल्या सळ्या उघड्या, गंजून फुगलेल्या, आणि पिलरभर तिरकी भेग. भेगेत पिंपळाचं रोप, चांगलं चार पानांचं. मी डाळ बाजूला ठेवली. गच्चीवर आम्ही वाळवणं घालायला जात होतो, पण टाकीच्या त्या बाजूला कठडा नाही, तिथे कोण जाऊन वाकून बघणार? खालून बघावं तर नुसता काळा ओघळ दिसायचा, पाणी गळतंय असं वाटायचं.

हे तो फोटो घेऊन मीटिंगला गेले. मीटिंग म्हणजे पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि अर्धी माणसं जिन्यावर. जितेशने कॅमेरा हातात घेतला, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, "काका, झूममध्ये सगळंच मोठं दिसतं हो. माझ्या नाकाचा काढा, तेपण डोंगर दिसेल." सगळे हसले. जितेशचं नाक खरंच मोठं आहे, खोटं कशाला बोलू, मलाही हसू आलं. हे मात्र हसले नाहीत. ते परत परत सांगत राहिले की मोठं दिसत नाही, जवळ दिसतं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण तोवर लोक पार्किंगच्या भांडणावर गेले होते.

तेव्हापासून दर रविवारी हे त्याच ओट्यावरून त्याच पिलरचा फोटो काढायला लागले. कोपऱ्यात तारीख यायची. जेवण झालं की मला दाखवायचे, हा मागच्या महिन्यातला, हा आजचा, रोप बघ केवढं वाढलं. मी म्हणायचे, अहो, लोक नातवंडांचे असे फोटो काढतात. पण माझंही मन त्यात अडकलं होतं. दुपारी खालून पंप लावला की टाकीत पाणी पडायचा आवाज यायचा. पूर्वी त्या आवाजाने मला झोप लागायची. आता मी डोळे मिटून पडायचे आणि ऐकत राहायचे, भरली, अजून भरतेय, बस करा मेल्यांनो, बंद करा पंप! आणि समोरच्या घरात उन्नती मोठ्याने भूगोल पाठ करत असायची. पंप बंद झाला की मी उठून चहा टाकायचे. दुपारची झोप गेली ती गेलीच.

मग महापालिकेची नोटीस आली. बिल्डिंगला तीस वर्षं झाली, स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या. मला वाटलं, सुटलो. आता कोणीतरी शिकलेला माणूस येईल, वर चढून बघेल, काय ते सांगेल.

माझं कपाळ! नोटीस आली आणि आमच्या लोकांनी काय करावं? बिल्डिंगला रंग काढला. हो, रंग. मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरतात, तसं. इंजिनीअरसमोर बिल्डिंग चांगली दिसायला हवी, असं ठरलं. एरवी कोरमसुद्धा होत नाही, पण रंग निवडायच्या मीटिंगला खुर्च्या कमी पडल्या. अबोली की मोतिया ह्यावरून दोन बायका महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. शेवटी अबोली आणि त्याला चॉकलेटी पट्टा. रंगाच्या आधी एक गवंडी दोर बांधून टाकीकडे उतरला, पिंपळ उपटला, भेगेत सिमेंट भरलं, वर हात फिरवला. पुढच्या रविवारी ह्यांनी फोटो काढला तर पिलर नव्या नवरीसारखा. अबोली.

मी म्हटलं आता हे भांडणार. पण हे घरी आले आणि कॅमेरा कपाटात ठेवून दिला. दोन दिवस बाहेर काढला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कणीक मळत होते, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"सुमेधा, ते जुने फोटो काढून टाक."

"मी? मला तुमच्या कॅमेऱ्याला हात लावायची बंदी आहे ना?"

"चेष्टा नको करूस. माझ्याच्याने होत नाही."

मग बसून नीट सांगितलं. जमीन अजून बिल्डरच्या नावावर, बिल्डर कधीचा गायब. बिल्डिंग अतिधोकादायक ठरली तर लाईट-पाणी तोडतात, सगळ्यांना बाहेर काढतात. पुन्हा बांधायची कोणी? कागदच नाहीत. म्हणजे बाहेर पडलो की पडलो. "मी वेडा, दुरुस्ती होईल म्हणून फोटो काढत बसलो," म्हणाले. "आता ह्या वयात कुठे जायचं आपण?" आणि माझा नवरा, ज्याने सासूबाई गेल्या तेव्हाही माझ्यासमोर डोळे पुसले नव्हते, तो पीठ सांडलेल्या ओट्याकडे बघत रडायला लागला. मला इतकी दया आली त्यांची! मी तशाच पिठाच्या हाताने त्यांची पाठ चोळली.

ते बाहेर गेल्यावर मी हात धुतले, कॅमेरा घेतला. कचऱ्याच्या डब्याचं चित्र असलेलं बटण असतं, ते दाबलं की विचारतो, खरंच काढू का? पहिला फोटो घारीचा होता. मी 'नाही' दाबलं. दुसऱ्यावरही 'नाही' दाबलं. मग कॅमेरा बंद करून डब्यांच्या मागे ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. ह्यांनी विचारलं, काढलेस? मी म्हटलं, जेवायला चला.

इंजिनीअर आला तो भर दुपारी. चाळिशीचा असेल, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, त्या दिवशीची त्याची ही कितवी बिल्डिंग होती कोण जाणे. हातोडी घेऊन जिन्यात ठोकलं, पार्किंगमध्ये ठोकलं, गच्चीवर गेला. टाकीच्या त्या बाजूला कठडा नाही म्हणून लांबूनच पाहिलं. मग चौथ्या मजल्यावर जागृतीच्या घरी पंख्याखाली बसला. तिने कोकम सरबत केलं होतं, कांदाभजी केली होती. जितेश घाम पुसत समोर उभा. मीही तिथेच, ताटल्या द्यायला. हे आमच्या घरी आतल्या खोलीत पेपर धरून बसलेले.

"टाकीच्या पिलरला नवीन प्लास्टर दिसतंय," इंजिनीअर म्हणाला.

"रंगाच्या कामात केलं साहेब. किरकोळ होतं," जितेश म्हणाला.

इंजिनीअरने मान डोलावली आणि भजं उचललं. एवढंच. त्याला पुढच्या बिल्डिंगला जायचं होतं. आतल्या खोलीत उन्नती टेबलाशी बसलेली होती, पाहुणे आहेत म्हणून आज मनातल्या मनात वाचत होती. आणि खाली कोणीतरी पंप लावला. टाकीत पाणी पडायला लागलं.

मी काही मोठी सत्यवचनी बाई नव्हे. गॅसवाल्याशी, बहिणीशी, देवाशीसुद्धा मी सोयीप्रमाणे खोटं बोलते. पण त्या आवाजाने मी इतकी, इतकी दमले होते! मला वाटलं, आता हा माणूस सही करून जाईल आणि मी मरेपर्यंत रोज दुपारी हेच ऐकत पडायचं. मी उठले, घरी गेले, डब्यांच्या मागून कॅमेरा काढला. ह्यांनी पेपर खाली केला. अडवलं मात्र नाही.

"साहेब, हे रंगाच्या आधीचे," मी म्हटलं आणि कॅमेरा त्याच्या हातात दिला.

तो एकेक फोटो पुढे सरकवत गेला. तारखा बघितल्या. दोनदा मागे जाऊन बघितलं. तोंडातलं भजं चावायचं थांबलं. मग हातोडी घेऊन उठला, ह्या वेळी जितेशला दोर धरायला लावून टाकीच्या त्या बाजूला उतरला, आणि दोन ठोक्यांत ते अबोली सिमेंट अख्खं निसटून खाली पडलं. तो आवाज मात्र सगळ्या बिल्डिंगने ऐकला.

पुढचं सांगण्यासारखं काय आहे? पिलर एकटा नव्हता, त्याच्या खालचे बीमही तसेच निघाले. अतिधोकादायक. बोर्ड लागला, मुदत लागली, एका सकाळी नळ कोरडे आणि दुपारी मीटर काढून नेले. जिन्यातून कपाटं उतरताना लोक आमच्या दाराकडे बघून बोलायचे. पुरुष ह्यांना बोलले, बायका मला. कोणी म्हणालं, म्हाताऱ्यांना काम नाही, कॅमेरा घेऊन लोकांची घरं मोडतात. मी ऐकून घेतलं. शेवटी मला सवय आहे.

जागृती बोललीच नाही. शेवटच्या दिवशी माझे डबे परत करायला आली, सगळे घासूनपुसून. दारातच उभी राहिली.

"तुझ्या पोरीच्या डोक्यावर होती गं ती टाकी," मी म्हटलं.

"माहितीय काकी." डबे खाली ठेवले. "तुमचं सगळं करून झालंय. आमचं आत्ता कुठे सुरू होत होतं." आणि गेली. तिने मला चार थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

आम्ही विरारला आलो, फुलपाड्याला, भाड्याची तळमजल्याची खोली. ह्यांच्या गुडघ्यांना बरं, बाकी कशालाच नाही. ह्यांनी कॅमेऱ्याला परत हात लावला नाही. बिल्डिंगचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मात्र चालू राहिला, आणि आम्हाला त्यातून काढायचं बहुतेक सगळे विसरले. पावसाळा लागला. जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी मंगलदीपचा फोटो टाकायचं. खाली लिहिलेलं, 'अजून उभी आहे.' त्याखाली हात जोडलेले, अंगठे, हसरे चेहरे. कधी जितेश, कधी दुसरं कोणी. आमचं नाव कोणी घेत नव्हतं, गरजच नव्हती. एक पावसाळा गेला, दुसराही गेला. अजून उभी आहे. हे फोन उलटा ठेवायचे आणि चहा थंड करायचे.

दिवाळीच्या आधी मला बँकेच्या कामाला आचोळ्याला जावं लागलं. आदल्या रात्री गुपचूप चार्ज केलेला कॅमेरा निघताना पिशवीत टाकला. ह्यांनी पाहिलं, "कशाला?" म्हणाले. मी म्हटलं, असू दे.

किराणावाल्याच्या ओट्यावर बसले. बिल्डिंगचा अबोली रंग अजून टवटवीत होता, मेला. झूम लावला. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आधी दिसली, एक काच फुटलेली, माझ्या नळाखालची निळी बादली तिथेच राहिलेली. मग वर टाकी. पिलर उघडा, भेग होती तशी. मी अजून जवळ आणलं. वाढलीय का? थोडी तरी? नाही वाढली. आणि मला इतका संताप आला! पड की मेले एकदाची, मी म्हटलं. तोंडाने म्हटलं, किराणावाल्याला ऐकू जाईल इतकं. ज्या घरात माझं पोर पहिलं पाऊल टाकायला शिकलं त्या घराला. ते पडावं, जमीनदोस्त व्हावं, आणि सगळ्यांना कळावं की माझ्या नवऱ्याने उगीच नव्हते काढले फोटो. मला माझीच किळस आली, पण इच्छा काही गेली नाही.

"काकी."

जागृती होती. हातात भाजीची पिशवी, वाळलेली दिसत होती. तिने ऐकलं होतं, चेहऱ्यावरून कळत होतं. मी कॅमेरा लपवायला गेले तर तिने हात पुढे केला. दिला मी. तिने तिच्या आतल्या खोलीच्या खिडकीवर झूम नेला असावा, कारण बराच वेळ हात तिथेच स्थिर होता.

"उन्नती कशी आहे?" मी विचारलं.

"कॉलेजला जाते. घरात जागा नाही, म्हणून लायब्ररीत बसते." कॅमेरा डोळ्यांसमोरच. "मी भाजी घ्यायला मुद्दाम ह्याच रस्त्याने येते काकी. रोज बघते. रोज मनात म्हणते, पडू दे. पडली तर तुम्ही माझ्या पोरीला वाचवलंत असं होईल, आणि मला तुमच्यावर चिडायचं थांबवता येईल. दमले हो मी चिडून चिडून. तुमच्यासारखं दुसरं कोणी नाही मला, आणि तुमचं नाव काढलं की अंगाचा तिळपापड होतो."

तिला जवळ घ्यावं असं वाटलं, पण तिने घेऊ दिलं नसतं, एवढं मी तिला ओळखते. बिल्डिंगखालून कोणी जाऊ नये म्हणून महापालिकेने बांधलेला धोक्याचा पट्टा कधीचाच तुटला होता, आणि त्या बोळातून शाळा सुटलेली पोरं स्टेशनच्या बाजूला चालली होती, दप्तरं एकमेकांवर आपटत.

"चीड तू," मी म्हटलं. "जन्मभर चीड. पण पडू दे नको म्हणूस. मीही नाही म्हणणार. खालून पोरं जातात गं."

तिने कॅमेरा खाली केला आणि पोरांकडे पाहिलं. मग पिशवी किराणावाल्याच्या ओट्यावर ठेवली, रस्ता ओलांडला आणि तो तुटलेला पट्टा उचलून बोळाच्या तोंडाला बांधायला लागली. एकटीला दुसऱ्या टोकाची गाठ जमेना, म्हणून मी उठले आणि ते टोक धरलं.